खालचा निरोप

खुर्चीखालून ओघळ निघाला आणि भुशातून वाट काढत थेट गिऱ्हाइकाच्या बुटाला जाऊन भिडला. गिऱ्हाईक वाकून बघतं तो काय, चाकाच्या खुर्चीतला सुतार आपला दाराच्या फळीवर रंधा मारण्यात दंग! विजार भिजून काळी झालेली, आणि ह्याला पत्ता नाही.

“दार आम्ही दुसरीकडून घेऊ,” नाकाला रुमाल लावून गिऱ्हाईक म्हणालं आणि चालतं झालं.

दुकान चालवणाऱ्या थोरल्या भावाचं डोकं फिरलं. त्याने खुर्चीतल्या धाकट्याच्या मुस्कटात अशी ठेवून दिली की रंधा उडून कोपऱ्यात पडला.

“चाळिशीचा घोडा झालास! हात चालतात, तोंड तर त्याहून चालतं, आणि मुतायला लागली एवढं कळत नाही?”

“नाही कळत.” धाकट्याने ओठावरचं रक्त पुसलं. “छपरावरून पडलो तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं ना तुला? मणक्यातली तार तुटली. लघवीची पिशवी भरल्याचा खालचा निरोप वर डोक्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून तर घड्याळ बघून नळी घालायची. अकरा वाजले म्हणालो, तर तू म्हणालास, आधी दार संपव.”

“म्हणजे माझंच चुकलं? उद्यापासून दुकानात पाऊल टाकलंस तर याद राख!”

“पाऊल कुठून टाकू? रोज तूच उचलून आणतोस.”

झालं! रागाला डोळे नसतात. थोरल्याच्या हाताला फुटक्या खोक्याची फळी लागली, ती त्याने धाकट्याच्या मांड्यांवर घातली. एकदा, दोनदा, दम लागेपर्यंत. खुर्ची मागे सरकत भिंतीवर आदळली. धाकटा मात्र खांबासारखा शांत.

“दादा, घरी बसवू नकोस रे. हात आहेत तोवर इथंच राहू दे,” तो म्हणाला. “आणि मारून झालं की सांग. मला तेही कळत नाही.”

फळी हवेतच थांबली. तिच्या टोकाला दोन वाकडे खिळे होते. खिळ्यांना विजारीच्या चिंध्या लोंबत होत्या, लालभडक.

खुर्चीखाली टपटप सुरू झाली. धाकट्याने कान दिला आणि तो ओशाळून हसला.

“दादा, तेवढी नळी देतोस? अजून थांबलेलं दिसत नाही.”