पांढरा दोरा

यिशुन उपनगरातल्या फ्लॅटमध्ये उज्ज्वल भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला होता आणि लाकडी डबीवर झाकण घासून टर्की पक्ष्याच्या मादीचा आवाज काढत होता. खाली पार्किंगजवळच्या रानकोंबड्याने त्याला ओ दिली. उद्या तो ऑफिसच्या कामाने अमेरिकेला निघणार होता. नव्या साहेबाने तिथे त्याला टर्कीच्या शिकारीला बोलावलं होतं, आणि पहिल्याच आमंत्रणाला नाही म्हणायची त्याची छाती झाली नव्हती.

त्याची मुलगी ऋचा टॅबलेटवरच्या नवशिक्या शिकाऱ्यांच्या धड्यातून त्याला प्रश्न विचारत होती. "पाठीमागे जाडजूड झाड का?"

"मागून कुणी बार टाकला तर पाठ वाचावी म्हणून. मादीचा आवाज ऐकून नरच येतो असं नाही, दुसरा शिकारीही येतो."

दारात उज्ज्वलची आई लीलाबाई कणकेच्या हातांनी उभ्या होत्या. लेक शिकारीला चाललाय, एवढंच त्यांनी कसंबसं गिळलं होतं. त्याचीही शिकार होऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"नराचं डोकं?"

"लाल, पांढरं, निळं. रंगात आला की बदलत राहतं. नेम तिथेच धरायचा."

"सो नो रेड, नो व्हाइट, नो ब्लू. सॉक्ससुद्धा कॅनॉट, लाह." शाळेतल्या इंग्रजीत बोलता बोलता ऋचा एकदम थांबली. "पप्पा, युअर हँड."

उज्ज्वलच्या मनगटावर पांढरा दोरा होता. प्रवासात लेकाला काही होऊ नये म्हणून लीलाबाईंनी विहारातून परित्राण पाठाचा दोरा आणून सकाळीच बांधला होता. डबी वाजवताना नेमका तोच हलत होता.

"काढून ठेवतो, आई. आल्यावर परत बांध."

"काढायचा नाही." लीलाबाई आत आल्या. "आणि असा ठेवायचाही नाही."

त्यांनी हात धुतले आणि चहाची पावडर काळीकुट्ट उकळली. दातांनी गाठ सोडवून दोरा त्यात बुडवला. तो झाडाच्या सालीसारखा तपकिरी होईपर्यंत त्या गॅससमोरून हलल्या नाहीत.

मग ओला दोरा त्याच्या मनगटाभोवती घेतला. बांधताना आईने म्हणायचं आणि लेकाने मागून म्हणायचं, ही त्यांच्या घरची रीत. सकाळी त्याने सगळं घड्याळाकडे बघत घडाघडा म्हटलं होतं. आताही त्रिशरण नीट झालं. मग पंचशीलाची पहिली ओळ आली.

"पाणातिपाता वेरमणी," लीलाबाई म्हणाल्या. प्राणिहत्येपासून मी दूर राहीन.

ओळ मागून म्हणायच्या ऐवजी उज्ज्वल डबीकडे बघत राहिला. खाली कोंबडा पुन्हा आरवला. चहाचा एक थेंब मनगटावरून ओघळून डबीवर पडला.

लीलाबाईंनी मान वर केली नाही. दोऱ्याची दोन्ही टोकं त्यांनी चिमटीत धरून ठेवली.

"म्हण, बाळा," त्या म्हणाल्या. "गाठ अर्धीच राहिलीय."