कार्बोरेटर एक की दोन

ढोकीच्या गॅरेजमध्ये अंबादास मिस्त्री आणि त्यांचा मुलगा युवराज, दोन सिलिंडरच्या जुन्या इंजिनावर चिखलात चालणारी एटीव्ही बनवत होते.

"एकच कार्बोरेटर बसव. दोन कधी सारखे ट्यून होत न्हाईत," बाप म्हणायचा.

"हरेक सिलिंडरला आपापला पायजे अण्णा, न्हायतर गाडी उसाच्या रानातच रुतंल," पोरगा म्हणायचा.

एकदा युवराज पाना आपटून निघून गेला, तो गॅरेजकडं फिरकलाच नाही. बापलेकांचं बोलणंही तुटलं. त्यातच अंबादास झटक्यानं गेले.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भावकीनं शेताचा शब्द दिला, धाकटीच्या लग्नाचा दिला. ऊन डोक्यावर आलं, तरी कावळा बाभळीवरच. शेवटी युवराज पुढं झाला आणि त्यानं हात जोडले.

"अण्णा, तुमचंच खरं. एकच बसवतो."

कावळा हललासुद्धा नाही.

 

मागून आई, मथुराबाई, पदरानं तोंड दाबत म्हणाली, "दोन म्हण, बाळा. जायच्या आदल्या दिशीच लातूरहून दुसरा कार्बोरेटर आणून ठेवलाय त्यांनी."