हुकाचा जोड

“बंद कर ते! बंद कर म्हणतोय न्हवं!”

घरामागच्या परड्यातल्या ठिणग्या थांबल्या. फरहीननं तोंडासमोरची काच खाली घेतली आणि खिडकीकडं पाहिलं. खिडकीत तिचा बाप, दिलदार मिस्त्री, गज धरून उभा होता. वर्ष होत आलं, हा माणूस खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला. ताट आलं तर जेवायचं, हाक आली तर हुंकार द्यायचा. आज मात्र तो असा ओरडत होता, की शेजारच्या तानाबाईंनी दार उघडून बघितलं.

“वेल्डिंग म्हणत्यात ह्याला? शेण थापलंयस, शेण!”

खरं तर शेण म्हणणंही सौम्यच होतं. राधानगरीच्या वरच्या वाड्यांवरनं दूध गोळा करणाऱ्या विजयसिंहांच्या जीपचं तोंड गव्यानं फोडलं होतं. तिला नवा दणकट बंपर करून द्यायचं फरहीननं कबूल केलं होतं. बंपरला पुढं ओढायचा हुक, कारण तिथल्या चिखलात जीप रुतली की साखळी लावूनच बाहेर काढावी लागते. आणि त्या हुकाच्या बुडाशी हिनं काय करून ठेवलं होतं? कुठं गोळा, कुठं भोक, कुठं रॉड नुसताच वरून फिरवलेला. ही तीच पोर, जिला दिलदारनं शाळेच्या सुट्टीत आपल्या वेल्डिंगच्या दुकानात उभं करून, हातावर हात ठेवून जोड भरायला शिकवलं होतं. शिवाजी पेठेनं नावं ठेवली तरी शिकवलं होतं. त्याचं हे फळ! दिलदारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो अनवाणीच परड्यात आला.

“आणि हे मशीन कुणी घ्यायला सांगितलं?”

“तुम्हाला इचारलं की, अब्बा. तुम्ही भिंतीकडं वळला.”

“म्हणून फोनवर बघून खेळणं आणायचं?” त्यानं खोक्यावरचा आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं. खोक्यावरचे अँपिअर आणि निवडणुकीतली आश्वासनं, दोन्ही छापायला सोपी. “घरच्या मीटरवर चालतंय, एवढंच बघितलंस. जाड प्लेटीला पुरतंय का, किती वेळ दम धरतंय, ते कोण बघायचं? आणि ही वायर बघ, सुतळीवानी. निम्मी ताकद वाटंतच मरती!”

“असू दे की. रंग मारल्यावर कुणाला दिसतंय?”

हे मात्र दिलदारच्या जिव्हारी लागलं. गेल्या वर्षी तालमीच्या फुटबॉल मैदानावर त्यानंच केलेल्या गोलपोस्टची आडवी नळी खाली आली होती आणि गोलकीपरचा खांदा मोडला होता. जोड शाबूत होता, नळीच गंजली होती, असं सगळ्यांनी सांगितलं. गोलकीपरच्या आईनंसुद्धा सांगितलं. दिलदारला पटलं नाही. आपला हात गेला, आता या हातानं कुणाच्या जिवाशी खेळायचं नाही, म्हणून त्यानं दुकानाचं शटर ओढलं, मशीन विकलं आणि रॉडचा होल्डर पुन्हा धरणार नाही अशी शपथ घेतली. आणि त्याच्याच घरातली ही कार्टी म्हणते, रंग मारू!

“रंग? अगं शानी, साखळीला ताण आला की ह्यो हुक उपसून गोळीवानी जाईल. फुडं उभा ऱ्हायलेला माणूस जाग्यावर संपंल. कुणाच्या घरात मयत आणायची हाय तुला? ग्राइंडर दे हिकडं!”

ग्राइंडर किंचाळला. लोखंड पांढरं लख्ख दिसेपर्यंत दिलदारनं ते सगळं खरवडून काढलं. मग त्याच रागात हात पुढं केला. फरहीननं त्यावर होल्डर ठेवला आणि काच दिली. त्या खेळण्याला शिव्या घालत त्यानं अँपिअर वाढवले, रॉड टेकवला आणि जोड भरत गेला. त्याची बायको मदिना कणकेच्या हातांनी स्वैपाकघराच्या दारात आली, बघितलं आणि आल्या पावली आत गेली. तिनं चहाचंही विचारलं नाही.

“हे बघ,” वरची खपली हातोडीनं उडवत तो गुरगुरला. “ह्याला जोड म्हणत्यात. आता उलटा कर. भाईर ही तऱ्हा, तर आत काय दिवं लावलं असशील अल्ला जाणे!”

दोघांनी मिळून बंपर उलटा केला. दिलदार ग्राइंडर घेऊन वाकला आणि वाकलेलाच राहिला.

हुकाच्या मागं, खरा भार येतो तिथं, जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा भरलेला होता. गोळा नाही, भोक नाही. लोखंड लोखंडात पुरतं मुरलेलं. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. शेवटाला, जिथं रॉड उचलला होता, तिथं उजवीकडं एक बारीक वळण होतं. असं वळण घेऊन रॉड उचलणारा मिस्त्री पेठेत एकच होता, आणि त्यानं तर शपथ घेतली होती.

“हे कुणी केलं?”

“मीच.”

“मग भाईर ते काय हुतं? मला येड्यात काढतीस?” आवाज अजून चढाच होता, पण ग्राइंडर त्यानं खाली ठेवला.

“तुम्ही खाटंवरनं उठावं म्हणून भाईरचं मुद्दाम बिघडवलं, अब्बा,” फरहीन म्हणाली. “आतलं बिघडवाया हात धजला न्हाय. हात तुमचाच की.”