राज्य कुणावर?

ड्रॅगन महालाच्या छतावर बसला, तेव्हा दरबारातलं झुंबर खाली आलं आणि काकासाहेब सिंहासनाखाली गेले. दोन्ही एकाच वेळी.

तरुण राजा मात्र जागचा हलला नाही. हलायची त्याला सवयच नव्हती. तो लहान असताना भर दुपारी, खेळ ऐन रंगात असताना, काकांनी त्याला उचलून आणलं आणि डोक्यावर मुकुट ठेवला. तेव्हापासून महालाबाहेर पाऊल नाही. "बाहेर ऊन असतं, बाळराजे," काका सांगत. ऊन नसलं की सांगत, "बाहेर चिखल असतो."

दार धाडकन उघडलं. पेटती मशाल घेऊन एक मुलगी आत आली. केस राखेने माखलेले, डोळ्यांत अंगार. राजाच्या काळजाचा ठोका चुकला. भीतीने की आणखी कशाने, ते त्याचं त्यालाच कळेना. अरे, ही तर कुंभाराची लेक! ती त्याच दुपारी नाहीशी झाली होती. ड्रॅगनने गिळली, असं सगळे म्हणत. तिच्यासाठी रडून रडून राजाने तेव्हा कितीतरी उशा भिजवल्या होत्या.

"मी सूड घ्यायला आलेय!" ती गरजली. "राज्याचं काय ते आज मिटवून टाकू."

"अर्धं राज्य घे गं बाई," सिंहासनाखालून आवाज आला, "पण छतावरचं ते ध्यान खाली उतरव!"

"अर्धं? अर्धं राज्य कधी असतं का हो काका?" मुलीने विचारलं.

राजाने मुकुट काढला. डोकं कसं पिसासारखं हलकं झालं. "सगळंच घे," तो म्हणाला. "फक्त मला इथून सोडव."

आभार राहिले बाजूला, ती लालबुंद झाली. वर ड्रॅगननेही शेपूट आपटलं. दोन कौलं निखळून पडली.

"मी का घेऊ? मी सापडले होते का?"

"सापडले म्हणजे?"

"एवढी झकास जागा शोधली होती मी! थेट ड्रॅगनच्या गुहेत, त्याच्या पोटामागे. तो म्हातारा ड्रॅगन रोज म्हणायचा, थांब, येईल तो. मी थांबले. त्याच्या पाठीवर बसून उडायलासुद्धा शिकले, पण जागा सोडली नाही. आणि तू इथे गादीवर लोळतोयस!"

नाक ओढून तिने मशाल काकांच्या हाती दिली, राजाचा कान धरला आणि त्याला भिंतीपाशी नेऊन उभं केलं.

"राज्य अजून तुझ्यावरच आहे, रडूबाई. डोळे मीट, शंभरपर्यंत म्हण. आणि या वेळी शोधायला ये."