सोबतीची भूक

"एकटीला नाही जमायचं रे, तू सोबत असशील तरच करते," कांचन म्हणाली आणि श्रीरामपूरच्या आमच्या पतसंस्थेत आम्ही दोघेच आदिमानवाचा आहार धरून आदिमानव झालो. दुपारी बारापूर्वी आणि रात्री आठनंतर अन्नाला शिवायचे नाही. भाकरी, दूध, साखर तर पूर्ण वर्ज्य.

रोज सकाळी आईच्या तव्यावर बाजरीची भाकरी फुगे आणि मी नजर वळवून घेई. "कुणासाठी वाळतोयस रं असा?" आई विचारी. त्याच क्षणी तिकडे जवळच्या देवळालीत कांचनही उपाशी असेल, या जाणिवेने माझी भूक गोड होई. तिच्यावर प्रेम आहे, हे मला कधी बोलता आले नाही. माझा उपवासच ते तिला सांगत असेल, अशी माझी श्रद्धा होती.

आज सकाळी दहालाच ती बेसनाचा लाडू खात पतसंस्थेत आली. मी हसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले.



"आता कशाला घड्याळ बघतोस, आदिमानवा! शालूवरचं ब्लाऊज बसलं की मला तुझ्यामुळं; आजपासून माझी केळवणं सुरू."