दुसरा गट

“दर तीन महिन्यांनी नुसत्या परीक्षा घेतात मेल्या, शिकवत मात्र काही नाहीत!” दाराबाहेरच्या बाकावर एक आई पुटपुटली.

आत मॅडमची पेन्सिल थबकली. समोर त्या आईची नऊ वर्षांची लेक सात आणि आठची बेरीज टेबलाखाली बोटं लपवून करत होती.

आकड्यांशी हाडवैर असलेल्या मुलांना शिकवायची एक रीत मॅडमनी उभं आयुष्य घालवून बसवली होती. ती खरी ठरवायची, तर निम्म्या मुलांना शिकवायचं आणि निम्म्यांना तुलनेसाठी दोन वर्षं नुसतं तपासत राहायचं. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा ही पोर दुसऱ्या गटात आली. बारा पानी संमतीपत्रात सगळं लिहिलेलं होतं. आईने सही कुठे करायची एवढंच विचारलं, आणि मॅडमनीही बोट ठेवून तेवढंच दाखवलं.

अजून एक वर्ष बाकी होतं. गळत गळत दुसरा गट निम्म्यावर आला होता. आणखी कोणी सोडून गेलं, तर सगळ्या कामावर पाणी पडणार होतं. मॅडमना खुर्चीत बसवेना. त्यांनी खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

“झालं का हो?” आई दारातून डोकावली. “हिच्यात काही फरक वाटतोय का?”

“पडेल हो हळूहळू,” सहायक बाई सवयीने म्हणाली.

“नाही पडणार,” मॅडम म्हणाल्या. “हिला आम्ही मुद्दामच शिकवलेलं नाही.”