स्वयंपाकघरातून ऐकायचा अल्बम

टेप आणखी एकदाच चालेल, असं ध्वनिमुद्रकाने सांगितलं तेव्हा काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि गॅस बंद केला.

"एकदाच म्हणजे?"

त्याने बोटं पुढे करून दाखवली. टेपवरचा तपकिरी लेप त्यांना गंजासारखा लागला होता. गाणी त्या लेपात होती आणि लेपच सुटत चालला होता. टेप नीट वाळवून, जपून एकदा चालवली तर सगळं कॉम्प्युटरवर उतरवता येईल, असं त्याने समजावलं. त्यानंतर डब्यात नुसती कोरी पट्टी उरेल.

उतरवलेलं पुन्हा खराब होत नाही ना, काकूंनी विचारलं. कधीच नाही, तो म्हणाला. काकूंनी गॅस पुन्हा पेटवला.

हा रॉक अल्बम बाजारात कधी आलाच नव्हता. काकूंच्या नवऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी तो याच घरात, बाहेरच्या खोलीतल्या लाकडी जमिनीवर माइक उभे करून वाजवला होता. त्यातला बेसवाला म्हणजे ध्वनिमुद्रकाचा बाप. कंपनीच्या माणसाने टेप परत पाठवताना एवढंच कळवलं होतं, की यात बसून ऐकण्यासारखं काही नाही, पण कामं करताना मागे लावून ठेवायला बरा आहे.

पुढच्याच महिन्यात बँड मोडला. बापाने मरेपर्यंत बेसला पुन्हा हात लावला नाही आणि त्या उन्हाळ्याविषयी चकार शब्द काढला नाही. एका वाक्याने सगळ्यांचा जीव घेतला, असं मुलाने मनाशी धरून ठेवलं होतं. ते वाक्य खोटं पाडायचं म्हणूनच तो इथे आला होता.

आणि काकू मात्र ते वाक्य रोज खरं करत होत्या. बाहेरच्या खोलीत टेप लावायची, दार लोटायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन कामाला लागायचं, हा त्यांचा नेम. टेप तपासण्याआधी, ती अशीच चालू असताना, एकदा तरी समोर बसून ऐका, असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं होतं.

"हा समोर बसून ऐकायचा नाहीच," काकू म्हणाल्या. "तू इथून ऐक. तुझ्या बाबांचा बेससुद्धा इथूनच कळतो. समोर बसलं की तोही गायब."

तो भांडी घासायच्या ओट्याशी उभा राहिला. भिंतीपलीकडे गिटार विरून गेली, शब्द गेले, उरले फक्त खालचे जाड आवाज. बेस, ड्रम आणि मधूनच कसलेतरी ठोके.

"घर भरल्यासारखं वाटतं," काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला.

काकू त्याच्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या.

त्याला वाईट वाटलं. इतकी वर्षं या बाईने नवऱ्याच्या अल्बमची नुसती सावली ऐकली होती.

आता बाहेरच्या खोलीतला टेपचा डबा उचलून वळताना त्याचा पाय बुटक्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला, पण लागलं नाही. टेबलाच्या सगळ्या कोपऱ्यांना जुन्या कापडाच्या जाड चिंध्या बांधलेल्या होत्या. वायरी घासू नयेत म्हणून असतील, असं त्याला वाटलं.

दारापर्यंत पोचवायला आलेल्या काकू म्हणाल्या, "आहे तसंच उतरव हं. सुधारणा नकोत."

"काळजी करू नका, काकू."

स्टुडिओत त्याने वाळवलेल्या टेपचा सुरुवातीचा छोटासा तुकडा, तेवढी झीज पत्करून, चालवून पाहिला. गाण्याखालून ते ठोके आले आणि आवाजाच्या मापकाची सुई लाल पट्ट्यात जाऊन आदळली. धपधप, धपधप. मग शांतता. मग पुन्हा धपधप. तालाशी त्यांचं काही नातं नव्हतं. जमिनीचा हादरा माइकच्या स्टँडमधून वर चढलाय, हे त्याला झोपेतही कळलं असतं. ते ठोके तसेच घेतले तर त्यांच्यापायी गिटारचा आवाज फाटणार होता, आणि दुसरी संधी नव्हती. त्याने टेप आणि कॉम्प्युटर यांच्या वाटेतच फिल्टर लावला. बेसच्याही खालचं जे असेल ते उतरतानाच गळून जाईल, असा. मग टेप शेवटची चालवली.

गिटार काचेसारखी स्वच्छ आली. बापाची बोटं तारांवरून सरकताना ऐकू येत होती. तो अल्बम त्याने खुर्चीवरून न हलता ऐकला आणि संपल्यावर बराच वेळ डोळे पुसत बसला. कंपनीचा माणूस साफ चुकला होता.

काकूंकडे त्याने स्वतःच्या हाताने स्पीकर जोडले. काकू नेहमीसारख्या दार लोटून आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला. पहिलं गाणं झालं. दुसरं निम्म्यावर आलं तेव्हा भांड्यांचा आवाज थांबला.

काकू दारात आल्या. हातांवरून पाणी गळत होतं. त्या स्पीकरकडे बघत नव्हत्या. टेबल आणि खिडकी यांच्या मधल्या जमिनीकडे बघत होत्या.

"मधले ठोके?"

"ते गाण्यातले नव्हतेच, काकू," तो उत्साहाने सांगू लागला. लाकडातून आलेले हादरे होते, उतरवतानाच गाळून टाकले, आता शोधूनही सापडणार नाहीत. "आता बसून ऐका. आता हा मागे लावून ठेवायचा अल्बम राहिला नाही."

"आणि टेप?"

"तिच्यावर आता काही नाही."

काकूंनी मान हलवली. पदराला हात पुसले. मग टेबलाजवळ खाली बसून त्या एका कोपऱ्याची चिंधी सोडू लागल्या. गाठ जुनी होती, पटकन सुटेना.

"त्या शेवटच्या उन्हाळ्यात पोरीला किती वेळा सांगितलं," त्या गाठीकडे बघत म्हणाल्या, "बाबा वाजवत असताना इकडून तिकडे धावू नकोस म्हणून. कधी ऐकलं नाही."